काळ्या कागदातला चोर

"ऐकू येतोय रे तुझा श्वास!"

हा आवाज धाकट्याच्या कानात अजून घर करून आहे. तेव्हा तो एवढासा होता. आई शिवणकामाच्या कारखान्यात जायची, बाहेरून कडी लागायची, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात लपंडावाला ती दोघंच असायची. तो आणि ताई. तो कपाटामागे शिरायचा, गाद्यांच्या घडीत घुसायचा, मोरीच्या पडद्याआड अंग चोरून उभा राहायचा. दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरायचा. दुसरी मुलं शोधायला निघाली की पलंगाखाली वाकतात, पडदे ओढतात. ताई काहीच करायची नाही. खोलीच्या मधोमध उभी राहायची, डोळे मिटायची आणि थांबायची. मग हसत हसत म्हणायची, ऐकू येतोय रे तुझा श्वास. आणि थेट येऊन त्याच्या पाठीत धपका घालायची. "हरले बाई, ये बाहेर" हे शब्द तिच्या तोंडून निघाल्याचं त्याला आठवत नाही. तो हरायचा, रडायचा, पुन्हा लपायचा. राज्य कायम तिच्यावर, कारण तिलाच ते आवडायचं.

पुढे त्याच कानावर ताईनं पोट भरलं. आता दोघांचेही केस पिकायला लागलेत, आणि ताई अजून शोधतेच आहे. फरक इतकाच की भाऊ नाही, भोकं.

काम असं. कारखान्याचा विषारी गाळ साठवायला जमिनीत मोठा खड्डा खणतात. गाळातलं पाणी मातीत उतरू नये म्हणून खड्ड्याला आतून काळ्या प्लास्टिकचं अस्तर घालतात. कारखान्याची माणसं त्याला जिओमेम्ब्रेन लायनर म्हणतात. कामावरची सगळी माणसं म्हणतात कागद. म्हणायचं कागद, आणि एक गुंडाळी उचलायला क्रेन लागते. हा कागद खड्ड्यात पट्ट्यापट्ट्यांनी अंथरायचा, पट्टीला पट्टी तापत्या पाचरीनं चिकटवायची, वरच्या काठाला चर खणून त्यात टोकं गाडायची. हे धाकट्याचं काम. जोड मारण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. जोडाच्या दोन रेघांमध्ये बारीक पोकळी सुटते, तिच्यात हवा भरून दाबाचा काटा पडतो का ते बघायचं. काटा जागचा हलला नाही की जोड पास.

पण जोड पास झाला म्हणून कागद पास होत नाही. कुणाच्या बुटाखाली खडा येतो, कुणाच्या हातातून पाना निसटतो, कुणी सुरी घासत नेतो. सुईच्या अग्राएवढं भोक डोळ्याला दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर दिसतं. ते शोधायचं ताईनं. बॅटरीची एक तार जमिनीत ठोकलेल्या सळईला, दुसरी तार तिच्या हातातल्या काठीला. काठीच्या टोकातून पाणी सांडत असतं. ती ओल्या काळ्या कागदावरून शेत नांगरल्यासारखी सरळ रेघेत चालत जायची, एक रेघ संपली की दुसरी. कागद धड असेल तर वीज अडते आणि कानावरच्या पट्ट्यात, म्हणजे हेडफोनात, नुसती घरघर ऐकू येते. भोक असेल तर तिथून पाणी खाली उतरतं, मातीला टेकतं, वीज वाहते आणि कानात आवाज चढतो. भोक मोठं तर आवाज दणदणीत. भोक बारीक तर आवाजही बारीक, डासाच्या गुणगुणण्यासारखा.

ताईला डासही लागायचा. "आमची ताई मुंगीची शिंक ऐकते," पैलवान म्हणायचा. पैलवान म्हणजे क्रेन चालवणारा. अंगानं काडी, म्हणून पैलवान. "आणि शिंकल्यावर मुंगीला विचारते, सर्दी कधीपासून?"

"तुझं घोरणं आधी बंद कर, क्रेनमधून इथवर ऐकू येतं," ताई म्हणायची.

या खड्ड्याचा कागद निवडला तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कारखान्याची इंजिनिअरबाई तरुण होती, बोलायला तुटक, पण कामाला पक्की. कागद विकणाऱ्यांनी तीन प्रकारचे नमुने आणून दिले होते आणि प्रत्येकानं आपल्याच नमुन्याची आरती ओवाळली होती. बाईनं कुणाचंच ऐकलं नाही. तिनं काचेच्या बरण्या मागवल्या, प्रत्येक बरणीत कारखान्याचं ते जांभळट, उग्र वासाचं पाणी ओतलं, आणि एकेका नमुन्याच्या पट्ट्या त्यात मुरत घातल्या. साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात, खिडकीच्या कट्ट्यावर, कित्येक आठवडे त्या बरण्या उन्हात उभ्या होत्या. मऊ, गुळगुळीत कागद होता तो सुरुवातीला सगळ्यांना आवडला. कोपऱ्यात छान बसतो, पाइपाभोवती हवा तसा वळतो. पण मुरून बाहेर काढला तेव्हा त्याचा मऊपणा पाण्यात उतरला होता. बाईनं दुमडला तर कडकन मोडला. दुसरा रबराचा. त्याचं स्वतःचं काही बिघडलं नाही, पण त्याचे जोड गोंदाचे, आणि गोंदाचा त्या पाण्यात चिखल झाला. तिसरा हा काळा, ताठ, हट्टी कागद. बरणीत घातला तसाच बाहेर आला. वजन तेच, लांबी तीच, ओढून बघितला तर ताकद तीच.

"हा उन्हात फुगतो मॅडम," धाकट्यानं सांगितलं होतं. "दुपारी नुसत्या सुरकुत्या. कोपऱ्यात बसवताना घाम काढेल. आणि ओरखडा सहन करत नाही, तिथूनच पुढे चिरत जातो."

"ते तुम्ही सांभाळाल," बाई म्हणाली. "पाण्याला कोण सांभाळणार?"

हा कागद ठरला. सुरकुत्यांचा हिशेब धरून त्यांनी तो थोडा सैल अंथरला, म्हणजे थंडीत आखडला तरी खड्ड्याच्या तळाशी ताणला जाऊन अधांतरी लोंबणार नाही. खालची माती खडा खडा वेचून, रोलर फिरवून तळहातासारखी केली. आणि सगळं अंथरून, जोडून, धुऊन झाल्यावर कागद ताईच्या हवाली केला.

खड्ड्याच्या खालच्या अंगाला उतार होता. उतारावर वस्ती होती, वस्तीत विहिरी होत्या. एवढं सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे.

*

कागद अंथरणाऱ्या या लोकांची एक रीत होती. नियमानं एक भोक सगळ्यांसमोर पाडावं लागतं, कडेला, बारीक ड्रिलनं. त्यावरून काठी फिरवून यंत्र वाजतंय ना ते बघायचं आणि मगच कामाला लागायचं. ते उघडं भोक. पण ज्या जुन्या मिस्त्रीकडे ही सगळी माणसं तयार झाली, त्यानं आणखी एक पायंडा पाडला होता. तो म्हणायचा, उघड्या भोकानं यंत्राची परीक्षा होते, माणसाची नाही. म्हणून टोळीतला एकजण कुणालाही न सांगता कागदात कुठेतरी एक बारीक भोक पाडायचा. याला म्हणायचे चोर ठेवणं. चोर कुठे ठेवला ते फक्त ठेवणाऱ्याला माहीत. शोधणाऱ्याला सापडला की तो काठी उंच करून "चोर!" असा ओरडायचा, ठेवणाऱ्यानं "बरोबर" म्हणायचं आणि सगळ्यांना चहा पाजायचा. मग त्या भोकावर ठिगळ लावून ते बंद करायचं. चोर सापडला नाही तर काय करायचं, हे मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं. ताईच्या राज्यात तशी वेळच आली नव्हती.

या खेपेला चोर ठेवायची पाळी धाकट्यावर होती. त्यानं तो तळाच्या मधल्या पट्टीत ठेवला, खड्ड्याच्या आतल्या उताराच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर. मुद्दाम अवघड जागा निवडली नाही. सोपीही नाही.

सकाळी ऊन कोवळं असतानाच ताईनं काम सुरू केलं. कागद थंड असतो तेव्हा मातीला चिकटून झोपलेला असतो. उन्हानं सुरकुत्या उठल्या की त्यांच्याखाली हवा शिरते, आणि हवेवर बसलेलं भोक मुकं होतं. म्हणून हे काम सकाळचं. इंजिनिअरबाई काठावर हाताची घडी घालून उभी होती. ताई चालत होती आणि चालता चालता गात होती. ही तिची जुनी सवय. आई मशीनवर बसली की ओळीला ओळ जोडत गुणगुणायची, तेच वळण ताईच्या तोंडात बसलं होतं. शब्द तिचे स्वतःचे, त्या त्या दिवसाचे.

*काळ्या काळ्या या रानात, हाती पाण्याची गं काठी*
*तिळाएवढ्या वाटेला, मीच मारीन गं गाठी*

"ताई, जरा हळू!" पैलवान वरून ओरडला. "कागद घाबरून फाटेल!"

सगळे हसले. धाकटाही हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की ताई हल्ली खरंच फार मोठ्यानं गाते. पूर्वी हे गाणं शेजारी चालणाऱ्यालाच ऐकू जायचं.

तिला एक भोक जोडाशेजारी सापडलं. एक वरच्या काठाजवळ, कुणाच्या तरी पहारीचं. काठी थांबायची, मागे यायची, पुन्हा पुढे जायची, आणि ताई खडूनं गोल करायची. धाकटा वरून बघत होता. ती मधल्या पट्टीत उतरली तेव्हा त्याला अंगात बारीकसं काहीतरी सळसळल्यासारखं झालं, लहानपणी पडद्यामागे व्हायचं तसं. ती जवळ आली. पाणी सांडत काठी त्याच्या चोरावरून सरकली. ओलं वर्तुळ त्या जागेवर क्षणभर चमकलं.

ताई थांबली नाही.

ती त्याच चालीनं पुढे गेली, गाण्याची ओळ पुरी केली, रेघ संपवून वळली. परत येताना काठी चोराच्या कडेवरून गेली. तेव्हाही नाही.

धाकट्याला वाटलं आपलीच जागा चुकली. त्यानं पायथ्यापासून नजरेनं पुन्हा मापलं. चुकली नव्हती.

मग खड्ड्याच्या खालच्या टोकाला, जिथे गाळातलं पाणी गोळा होऊन उपसलं जाणार होतं, तिथे ताईची काठी अडली. ती मागे आली, पुढे गेली. तिचा चेहरा उजळला. तिनं काठी उंच केली.

"चोर!" ती ओरडली. आणि थेट धाकट्याकडे बघत म्हणाली, "काय रे, इतक्या खाली? लाज वाटली नाही म्हाताऱ्या बहिणीला पळवायला?"

पैलवान शिट्टी वाजवत होता. इंजिनिअरबाईनं घड्याळात पाहिलं. सगळ्यांच्या नजरा धाकट्यावर. तो चोर नव्हता. कुणाच्या तरी सुरीचा टोचा होता, चोराच्या दुप्पट मोठा. बोलायला एक श्वासभर वेळ होता, आणि तेवढ्यात त्याच्या तोंडून निघून गेलं,

"बरोबर."

"चहा!" सगळे ओरडले.

*

चहा झाला. कप गोळा झाले. तेवढ्या वेळात धाकट्यानं मनाशी एक सबब शोधली होती. चोराखाली सुरकुती असेल. हवा असेल. मग त्यात ताईचा काय दोष? ऊन अजून चढलं नव्हतं. पाइप धुऊन आणतो असं सांगून तो काठी घेऊन तळात उतरला. मधल्या पट्टीत गेला, वाकून तळहातानं कागद दाबला. कागद मातीला घट्ट बिलगलेला होता. त्यानं पट्टा कानाला लावला, काठी त्या जागेवर धरली.

आवाज आला. बारीक, पण लख्ख. काचेवर नखानं रेघ ओढावी तसा. त्याच्यासारख्या मशीनच्या गोंगाटात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला ऐकू आला.

त्यानं पट्टा काढून गळ्यात अडकवला आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. एका चोराचा प्रश्न नव्हता. तो तर त्याला माहीत होता, आत्ता बुजवला असता. ताईला मोठी भोकं ऐकू येत होती आणि बारीक ऐकू येत नव्हती, प्रश्न हा होता. मग एवढ्या पसरलेल्या काळ्या कागदात आणखी किती बारीक आहेत, ते त्याला माहीत नव्हतं, ताईला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. उद्या सकाळी डंपर येणार. कागदावर जाड पांढरं कापड पडणार, कापडावर खडी, खडीवर गाळ. एकदा खडी पडली की मग शोधणाराही नाही आणि शोधायची जागाही नाही.

आणि हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं, तेही त्याला कळत होतं. बाईला कळलं की ताई उद्यापासून घरी. हिशेब इतका साधा होता. एखादं यंत्र वाजेनासं झालं तर ते खोक्यात भरून परत पाठवतात.

त्यानं आपल्या चोरावर ठिगळ लावलं. कागद घासून खरखरीत केला, कोपरे गोल कापलेला तुकडा गरम हवेनं टेकवला. टोकदार कोपरा लवकर उचकटतो, म्हणून ठिगळाला कोपरे ठेवायचे नाहीत. कडेनं वितळलेल्या प्लास्टिकचा गोट फिरवला. थंड झाल्यावर साबणाचं पाणी लावलं, वर काचेची पेटी दाबून हवा ओढली. एकही फुगा आला नाही. इतकं नीटस ठिगळ त्यानं कधी लावलं नव्हतं.

"हे कुठलं?" मागून आवाज आला. इंजिनिअरबाई होती. "इथे ताईंनी खडू मारला नव्हता."

"ओरखडा होता मॅडम."

बाईनं ठिगळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ओरखडा सहन करत नाही, नाही का," ती म्हणाली. त्याचेच शब्द. "ताई म्हणाल्या, बाकी सगळा कागद धड आहे. त्यांनी म्हटलं की मला पुरे. सकाळी डंपर लावते."

"हो," धाकटा म्हणाला.

*

ताई त्याच्याच घरी राहायची, मागच्या खोलीत. लग्न तिनं केलं नाही. का, ते कुणी विचारलं की म्हणायची, ज्याचं ऐकत राहावं असा कुणी भेटला नाही. संध्याकाळी धाकटा बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसला होता. स्वयंपाकघरात त्याची बायको कणीक मळत होती. आत टीव्ही मोठ्यानं लागला होता, इतका की भिंतीपलीकडे शेजाऱ्यांनाही बातम्या कळाव्यात.

"आवाज कमी करा हो ताई," बायको म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं. मग स्वतःच जाऊन तिनं आवाज कमी केला आणि परत आली. हे रोजचंच असावं. धाकट्यानं आजच पाहिलं.

त्याची लेक दप्तर फेकून आली आणि आत्याला ओढत बाहेर घेऊन आली. "लपंडाव! राज्य आत्यावर!"

"माझ्यावरच असतं गं नेहमी," ताई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पोर दाराच्या पडद्यामागे गेली. धाकट्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. तिला हसू आवरत नव्हतं. पडदा तिच्या श्वासानं आत-बाहेर होत होता, नाकातून हसण्याचे फुसकारे येत होते. टीव्ही बंद असता तर जिन्यावरच्या माणसालाही ती सापडली असती. आणि टीव्हीचा आवाज तर आता कमीच होता.

ताई वळली. खोलीच्या मधोमध उभी राहिली. डोळे मिटले.

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. त्याला तो चेहरा ओळखीचा होता. थोडा कललेला, ओठ किंचित उघडे. ती थांबली. बराच वेळ थांबली. पडदा फुसफुसत होता. मग तिनं डोळे उघडले, आणि पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाट उघडून पाहिलं. दाराजवळून जाताना पडद्याखाली पोरीची बोटं दिसत होती, पण तिकडे तिचं लक्ष गेलं नाही.

"गेली वाटतं कुठेतरी," ताई हसून म्हणाली आणि आत निघून गेली.

पोर पडदा झटकून बाहेर आली. हिरमुसलेली. बापाच्या मांडीवर आदळत म्हणाली, "आत्या मुद्दाम करते. मला जिंकू देते. तिला वाटतं मी लहान आहे."

"मुद्दाम नाही करत," धाकटा म्हणाला.

"करते! मी एवढी हसत होते. मुद्दाम नाही तर ऐकू कसं येणार नाही? असं नाही खेळायचं बाबा. मजाच नाही येत. खोटं खोटं जिंकवलं की राग येतो मला."

"कुणाला राग येतो?" ताईनं आतून विचारलं. राग हा शब्द तेवढा तिच्यापर्यंत पोचला होता, पोरीचं बाकी बोलणं नाही.

"कुणाला नाही," धाकटा म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "कुणाला नाही, ताई."

जेवताना त्यानं काहीतरी बोलायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा घास घातला.

*

सकाळी डंपर रांगेत उभे होते. एंजिनं चालूच, काठावर धुराचा आणि डिझेलचा वास. जनरेटर फडफडत होता. पांढऱ्या कापडाच्या गुंडाळ्या तळात उतरवून ठेवल्या होत्या, पहिल्या डंपरापुढची तेवढी पसरून झाली होती. पैलवान क्रेनच्या खिडकीतून पाय बाहेर सोडून बसला होता. कागद सकाळच्या गारव्यात झोपलेला होता, एकही सुरकुती नाही. त्यावर खडूचे गोल आणि ठिगळं, आणि मधल्या पट्टीत ते एक नीटस ठिगळ.

ताई काठावर उभी होती. सवयीनं कानावरचा पट्टा गळ्यात अडकवलेला. इंजिनिअरबाई तिच्यासमोर येऊन थांबली आणि रीतीप्रमाणे विचारायचं ते तिनं विचारलं.

"ताई, सांगू ना ओतायला?"

बाईच्या ओठांकडे बघत ताई म्हणाली, "सांगा."

बाईनं हात वर केला. पहिल्या डंपरवाल्यानं गिअर टाकला.

"ताई," धाकटा तिच्या मागे उभा होता तो म्हणाला, "थांबव. माझा चोर तुला सापडला नाही."

तो हे हळू म्हणाला. तिच्यापुरतं. रात्रभर त्यानं हे वाक्य असंच तयार केलं होतं, दुसऱ्या कुणाच्या कानावर जाणार नाही एवढ्याच आवाजाचं.

ताई हलली नाही. डंपरकडे बघत राहिली. धाकट्याला आधी वाटलं, ऐकून गप्प आहे. चिडली आहे. मग वाटलं, विचार करते आहे. डंपर मागे मागे येत काठाला लागला आणि ताईनं सहज मान वळवून त्याला पाहिलं, म्हणाली, "अरे, तू इथे? मला वाटलं खाली गेलास."

तेव्हा त्याला समजलं की हळू सांगण्यासारखी ही गोष्टच नव्हती. जिला सांगायची तिच्यापर्यंत ती हळू पोचणार नव्हती. सांगायची तर सगळ्यांना ऐकू जाईल अशीच.

तो तिच्यासमोर आला. तिच्या आणि डंपरच्या मध्ये. दोन्ही हात वर करून डंपरवाल्याला थांबवलं. डंपरवाल्यानं वैतागून एंजिन बंद केलं. बाई पुढे झाली. पैलवानानं पाय आत घेतले.

"काल मी बरोबर म्हणालो ते खोटं होतं," धाकटा ओरडला. जनरेटरच्या वर जाईल एवढ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून. "खालचा तो चोर नव्हता. चोर मधल्या पट्टीत होता. तू त्याच्यावरून गेलीस, ताई. दोनदा गेलीस. मी स्वतः काठी लावून पाहिलं, वाजतो. ओरखडा नव्हता मॅडम, ते माझं भोक होतं. तिला ते ऐकू आलं नाही. तिला बारीक ऐकू येत नाही. सगळा कागद पुन्हा शोधायला लागेल."

कुणी जाऊन जनरेटर बंद केला, कोण ते नंतरही कळलं नाही. एकदम इतकी शांतता झाली की काठावरून एक खडा सुटून कागदावर घरंगळत गेला त्याचा टप टप आवाज तळापर्यंत ऐकू आला. सगळ्यांना. ताई सोडून, बहुधा.

ती त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. लहानपणी तो सापडल्यावर रडायचा तेव्हा बघायची तशी, थोडी कंटाळून, थोडी मायेनं. मग तिनं गळ्यातला पट्टा काढला, त्याच्या वायरीचा गुंता सोडवला आणि तो धाकट्याच्या कानांवर नीट बसवला, टोपी घालावी तसा.

"हरले बाई," ती म्हणाली. आवाज सगळ्या खड्ड्याला ऐकू जाईल एवढा, कारण हल्ली तिला दुसरा आवाजच काढता येत नव्हता. "वर्ष झालं रे हरून."